केसांच्या टोकाची किंमत

(जळगावात ब्युटीपार्लर चालवणाऱ्या महिलांपुढे दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)

मैत्रिणींनो, ब्रशबद्दल बोलायला बोलावलंत, तर सुरुवात मी एका आजींपासून करते. अठरा-एकोणीस वर्षं झाली. अमळनेरजवळच्या खेड्यात आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, सुमाराचं लग्न होतं. नवरी तयार होत आली होती, तेवढ्यात तिच्या आजी शेजारी येऊन बसल्या आणि म्हणाल्या, मलाही थोडी पावडर लाव. मी मोठा ब्रश त्यांच्या गालावर फिरवला. आजी झटकन मागे सरकल्या. "माय वं, तोंडवर खराटा फिराई राहिनी का तू?"

घरातल्या बायका हसल्या. नवरी मात्र आरशातून माझ्याकडे बघत हळूच म्हणाली, "मलाही टोचत होतं, ताई. मला वाटलं मेकअप असाच असतो."

ते वाक्य मी आजवर विसरलेले नाही. चोवीस ब्रशांचा तो संच मी साडेतीनशे रुपयांना घेतला होता, आणि स्वस्तात मिळाला म्हणून खूश होते. पुढे लग्नाचा अल्बम आला, तेव्हा नवरीच्या गालावर फाउंडेशनमध्ये चिकटलेले ब्रशचे दोन केस स्पष्ट दिसत होते. त्या मुलीने तक्रार केली नाही. आपल्याकडच्या मुली करतही नाहीत. म्हणूनच आपला ब्रश कसा आहे हे आपलं आपल्यालाच कळावं लागतं.

तर ब्रशचे पैसे नेमके कशाचे द्यायचे? माझं उत्तर एका शब्दात आहे: टोकाचे. डब्याचे नाहीत, दांडीवरच्या सोनेरी अक्षरांचे नाहीत, संचातल्या संख्येचे तर मुळीच नाहीत.

प्राण्याचा केस मुळाशी जाड आणि टोकाकडे निमुळता असतो. ते निमुळतं टोक शाबूत असेल तर तो त्वचेवरून घसरतो आणि मऊ लागतो. स्वस्त ब्रश बनवताना केसांचा जुडगा बांधतात आणि गोल आकार यावा म्हणून वरून कात्रीने छाटतात. छाटलं की टोक गेलं, उरला बोथट बुंधा. आजींच्या गालाला जो खराटा लागला तो हाच. चांगला कारागीर उलटं करतो. केस टोकाकडून छोट्या लाकडी साच्यात भरतो, साच्याच्या तळाला जो घुमट आहे तोच आकार टोकांना मिळतो, आणि जे काही कमी-जास्त करायचं ते मुळाच्या बाजूने करतो. टोकाला कात्री लागतच नाही. तुटलेले, उलटे लागलेले केस तो बोटांना जाणवतील तसे एकेक वेचून काढतो. हे हाताचं, वेळखाऊ काम आहे. किंमत तिथे चढते.

या कामासाठी जपानमधलं कुमानो हे गाव जगभर ओळखलं जातं. हिरोशिमा प्रांतातलं, डोंगरांनी वेढलेलं, शेतीला जमीन कमी असलेलं गाव. तिथले शेतकरी रिकाम्या हंगामात नारा वगैरे भागांत कामाला जायचे आणि परत येताना लिहिण्याचे ब्रश आणि शाई विकत घेऊन वाटेत विकायचे. आपल्या नंदुरबारकडची माणसं पिकं निघाली की ऊसतोडीला गुजरातेत जातात, तसंच. फरक इतकाच की कुमानोच्या लोकांनी पुढे ती कला शिकून घेतली आणि गावातच ब्रश बनवायला सुरुवात केली. आज जपानमधले सुमारे 80 टक्के ब्रश तिथे बनतात, मेकअपचेही. 2011 साली जपानच्या महिला फुटबॉल संघाने विश्वचषक जिंकला, तेव्हा सरकारने त्या मुलींचा सन्मान केला आणि भेट म्हणून कुमानोचे मेकअप ब्रश दिले. मला हे वाचून फार बरं वाटलं होतं. ज्या वस्तूला आपल्याकडे 'पार्लरचं सामान' म्हणतात, ती एका देशाने सन्मानाची भेट म्हणून निवडली.

आता कुणी म्हणेल, ताई, जपानचा ब्रश आम्हाला कुठे परवडतो? घेऊच नका. मीही सगळे तिथले वापरत नाही. पण टोक पाहायची नजर तिथून घ्या, ती फुकट आहे.

केस कुणाचा, हा पुढचा प्रश्न. बकरीचा केस सगळ्यात जास्त वापरात आहे, धुण्याला टिकतो, पावडर छान उचलतो. खारीचा केस अतिशय मऊ, पण नाजूक, फक्त पावडरपुरता. घोड्याचा केस डोळ्यांच्या ब्रशांत असतो. दुकानात 'कॅमल हेअर' लिहिलेला ब्रश दिसला तर त्यात उंटाचा केस नसतो हे लक्षात ठेवा. ते व्यापारातलं जुनं नाव आहे, आत बकरी, खार, घोडा, काहीही असू शकतं. आणि एक गोष्ट मी हात जोडून सांगते. मुळाशी गडद, मध्ये पिवळसर आणि टोकाला पुन्हा गडद, असे पट्टे असलेले केस दिसले आणि दुकानदार 'मुंगसाचा आहे, एक नंबर' म्हणाला, तर तिथून उठा. मुंगूस 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित आहे. त्याच्या केसाचा व्यापार गुन्हा आहे. शेताच्या बांधावर मुंगूस आडवं गेलं तर आपण शुभ शकुन मानतो, आणि त्याला मारून काढलेले केस नवरीच्या चेहऱ्यावर फिरवायचे?

जळगावात जैन कुटुंबं बरीच आहेत, माळकरी घरंही आहेत. मला नवरीच्या आईने सरळ विचारलेलं आहे, "ताई, केस कशाचा आहे?" तेव्हापासून माझ्याकडे एक पूर्ण संच सिंथेटिकचा वेगळा असतो. आणि खरं सांगायचं तर आज माझ्या पेटीतले तीन चतुर्थांश ब्रश सिंथेटिकच आहेत, ते धर्मामुळे नव्हे, कामामुळे. प्राण्याच्या केसावर सूक्ष्म खवले असतात, त्यात पावडर अडकते, पण पातळ फाउंडेशन ओतलं तर तो ते शोषतो, चिकटतो, धुताना निघत नाही. सिंथेटिक धागा गुळगुळीत असतो. क्रीम, लिक्विड वरच्या वर राहतं आणि चेहऱ्यावर उतरतं. पावडरसाठी हल्ली नागमोडी धागे काढतात, तेही चांगलं काम देतात.

पण सिंथेटिकमध्येही टोकाचा हिशेब चुकत नाही. पीबीटी नावाचा पॉलिएस्टरचा धागा यात चालतो. कारखान्यातून तो सगळीकडे सारख्या जाडीचा निघतो. मग त्याची टोकं अल्कलीच्या द्रावणात बुडवून झिजवतात, तेव्हा ती निमुळती होतात. ज्याने ही पायरी गाळली, त्याचा ब्रश नायलॉनच्या झाडूसारखा टोचणार. डब्यावर 'सॉफ्ट' लिहिलं म्हणून काही होत नाही.

दुकानात हे कसं ओळखायचं? आपण कापूसवाल्यांच्या लेकी आहोत. व्यापारी कापसाचं बोंड हातात घेतो, दोन चिमटींत धागा ओढतो आणि लांबी पाहून भाव बोलतो, हे आपण लहानपणापासून बघितलंय. ब्रशही तसाच हातात घ्यायचा. मनगटाच्या आतल्या बाजूला, जिथे निळी शीर दिसते, तिथे ब्रश उभा टेकवा आणि हळूच गोल फिरवा. गालाला जे टोचणार ते इथेही टोचतं. मग थोडा दाबा आणि सोडा. केस पसरून पुन्हा जागेवर यायला हवेत. पसरलेले तसेच राहिले तर काम करताना हातात ताबा राहणार नाही. बोटांनी केस विंचरल्यासारखे आठ-दहा वेळा ओढा. नव्या ब्रशचा एखादा सुटा केस येतो, नव्या केरसुणीचा भुसा पडतो तसा. पण दर ओढीला येत असेल तर ठेवून द्या. केस मधोमध फाकवून खाली बघा, डिंकाचा तळ लगेच दिसला तर भरणा विरळ आहे. भरताचं वांगं घेताना आकाराने मोठं आणि हाताला हलकं बघतो ना आपण, बिया कमी म्हणून? फाउंडेशनच्या ब्रशला नेमकं उलटं. छोटा दिसावा आणि हाताला भरीव लागावा. डोळ्याच्या खोबणीत रंग पसरवायच्या ब्रशला मात्र इतका भरणा नको, तो सैलसर आणि लवचीक हवा, नाहीतर रंगाचा डागच पडतो.

केस आणि दांडी जोडणारी धातूची नळी, फेरूल, तिच्याकडे कुणी बघतच नाही. माझे सर्वांत जास्त ब्रश तिथेच मेले. एका हाताने नळी, दुसऱ्या हाताने दांडी धरून हलकासा पीळ द्या. जरा जरी हलली तर आपल्या उन्हाळ्यात ती टिकणार नाही. नळीला जोड नसावा, आणि दांडीवर ती दाबून बसवल्याच्या खाचा, शक्यतो दोन, नीट दिसाव्यात. शेवटी ओला पांढरा रुमाल केसांवरून ओढा. रंग उतरला तर तो रंग उद्या नवरीच्या कपाळावर असेल.

पैशाचा हिशेब मी वहीत मांडून बघितला आहे, तोच सांगते. फाउंडेशनचा एक ब्रश मी 1,200 रुपयांना घेतला. वर्षाला माझ्या साठेक नवऱ्या होतात. ब्रश पाच वर्षं चालला, म्हणजे तीनशे नवऱ्या. एका नवरीमागे चार रुपये. त्याआधी 80 रुपयांचा घ्यायचे, तो दहा नवऱ्यांनंतर केस गाळायचा. एका नवरीमागे आठ रुपये, वर गालावर चिकटलेले केस वेगळे. मग महाग कुठला?

पण सगळेच ब्रश महाग घेऊ नका, तिथेही फसवणूक होते. चेहऱ्याचा फाउंडेशनचा, पावडरचा मोठा आणि डोळ्यांवर रंग मिसळण्याचा, या तिघांवर पैसा लावा. भुवयांचा, ओठांचा, पापण्यांचा साधा चालतो. मस्कऱ्याची कांडी तर दर चेहऱ्याला नवी घेऊन फेकायचीच असते. पंख्यासारखा ब्रश मी वर्षातून दोनदा हातात घेत असेन. बारा किंवा चोवीसच्या संचात आपण न लागणाऱ्या ब्रशांचे पैसे भरतो, आणि लागणारे तीन हलके निघतात.

घेतलेला ब्रश टिकवायचा कसा, याबद्दल मी जरा जास्त बोलणार आहे, कारण खान्देशाचं पाणी आणि ऊन दोन्ही वेगळं आहे. बोअरच्या जड पाण्याला फेस येत नाही आणि वाळल्यावर केसांवर पांढुरकी साय धरते. ब्रश सौम्य शाम्पूने धुवा, पण शेवटचा हात आरओ फिल्टरच्या पाण्याने फिरवा, तांब्याभर पुरतं. धुताना टोक कायम खाली. पाणी नळीत शिरलं की डिंक सुटतो, म्हणून वाटीत बुडवून ठेवायचे नाहीत. कोमट पाणी ठीक, कढत नको. वाळवताना कपात उभे करू नका, पाणी खाली नळीत उतरतं. टेबलाच्या कडेला आडवे ठेवा, केस कडेबाहेर, टोक किंचित खाली. मे महिन्यात आपल्याकडे पारा 45 च्या वर जातो, तेव्हा ब्रश सावलीतच भराभर वाळतात. गच्चीवर उन्हात टाकले की लाकडी दांडी तडकते. स्कूटीच्या डिकीत ब्रशचा पाऊच ठेवून चोपड्याला जाऊ नका, आतलं तापमान बाहेरच्यापेक्षा जास्त असतं. श्रावणात उलटी काळजी. कानबाईच्या दिवसांत हवा इतकी ओली असते की बंद प्लास्टिकच्या पिशवीत बुरशी धरते. सुती कापडाची गुंडाळी शिवून घ्या, जुन्या नऊवारीच्या तुकड्याचीही होते.

घरगुती वापरासाठी अमेरिकेतल्या त्वचारोगतज्ज्ञांची संघटना दर सात ते दहा दिवसांनी ब्रश धुवायला सांगते. आपल्यासाठी हा नियम नाही. आपण एकामागून एक चार बहिणींना तयार करतो. एकीचे डोळे आले असतील तर त्याच ब्रशने ते चौघींना जातात, वऱ्हाडात पसरतात. दर चेहऱ्याला धुतलेला ब्रश, हे माझं ठरलेलं आहे. दोन चेहऱ्यांच्या मध्ये वेळ नसेल तर 70 टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल फडक्यावर घेऊन त्यावर सिंथेटिक ब्रश पुसा आणि पूर्ण वाळू द्या. प्राण्याच्या केसाला ते रोज लावलं तर तो कोरडा पडून तुटतो. आणि तोंडाने फुंकर मारून पावडर झटकणं आजपासून बंद करा. वीस वर्षं हात बसलेल्या बायकाही ते करतात, मला बघवत नाही.

यावलहून आलेल्या एका मुलीने मघाशी चिठ्ठी दिली. तिने लिहिलंय, माझ्याकडे सगळे मिळून हजार रुपये आहेत, कुठून सुरू करू? बाळा, सहा-सातशेचा एकच फाउंडेशनचा ब्रश घे, सिंथेटिक, मनगटावर फिरवून. उरलेल्यात एक साधा डोळ्यांचा, आणि ओठांच्या कांड्या. पावडर सध्या स्वच्छ पफने लाव, दर नवरीला वेगळा. पहिल्या तीन ऑर्डरचे पैसे आले की पावडरचा ब्रश घे. संच घेऊ नकोस, कितीही सूट असली तरी.

आता चहा आहे. माझे ब्रश मी पुढच्या टेबलावर मांडून ठेवलेत, त्या 1,200 वाल्याच्या शेजारी मुद्दाम एक 80 वालाही ठेवलाय. दोन्हींच्या दांड्या सारख्याच काळ्या आहेत आणि किमतीच्या चिठ्ठ्या मी काढून टाकल्यात. हात धुऊन या, डोळे मिटा आणि मनगटावर फिरवून मला सांगा कुठला कोणता ते.