पोहरा नसलेला पाहुणा

[दृश्य : बसच्या खिडकीतून दिसणारा यार्देन खोऱ्यातला रस्ता]

गालीलच्या सरोवराकडून यरुशलेमला निघालेल्या यात्रेच्या बसगाड्या बहुतेक वेळा याच रस्त्यानं जातात. डाव्या हाताला यार्देन नदी, पलीकडे जॉर्डन देशाचे डोंगर, पुढे यरीहो आणि तिथून वर यरुशलेमपर्यंतचा चढ. महाराष्ट्रातून येणाऱ्या ख्रिस्ती मंडळ्यांची यात्राही साधारण याच वाटेनं आखलेली असते. नासरेथ, कफर्णहूम, सरोवरात नावेवरची उपासना, बाटल्यांत भरून घेतलेलं यार्देनचं पाणी, बेथलेहेम, जैतुनांचा डोंगर आणि शेवटी रिकामी कबर.

मधला डोंगराळ मुलूख मात्र राहून जातो. पवित्र शास्त्रात त्याला शोमरोन म्हटलंय. आज तो वेस्ट बँक या पॅलेस्टिनी प्रदेशात येतो. वाटेत लष्कराचे तपासणी नाके आहेत, परिस्थिती बिघडली की रस्ते बंद होतात, आणि चाळीस-पन्नास वयस्कर यात्रेकरूंना घेऊन जाणारा माणूस जोखीम पत्करायला तयार नसतो. त्याची अडचण खरी आहे. पण येशूच्या काळातही काही यहूदी प्रवासी हाच खोऱ्यातला वळसा घेत. शोमरोन्यांच्या गावात पाऊल टाकायला नको, त्यांच्या हातचं काही घ्यायला नको, म्हणून.

योहानाच्या शुभवर्तमानात चौथ्या अध्यायाच्या सुरुवातीला एक लहानसं वाक्य आहे. येशूला शोमरोनातून जावं लागलं. तिथेच, याकोबाच्या विहिरीवर, तो एका शोमरोनी बाईशी बोलला. ते वाक्य आम्ही लहानपणापासून रविवारच्या शाळेत वाचत आलो. म्हणून या खेपेला आम्ही डोंगरातली वाट धरली.

[दृश्य : नाब्लुस शहर, दोन्ही बाजूंना दोन डोंगर]

हे नाब्लुस. यरुशलेमच्या उत्तरेला, गाडीनं साधारण पन्नास-साठ किलोमीटरवर. दक्षिणेला दिसतो तो गरिज्जीम, उत्तरेला एबाल. एकावरून आशीर्वाद आणि दुसऱ्यावरून शाप वाचायला मोशेनं सांगितले होते, ते हे डोंगर. दोघांच्या मधल्या खिंडीत जुनं शखेम होतं. त्याचे अवशेष आजही तेल बलाटा नावाच्या टेकाडावर उघडे पडलेले दिसतात.

गरिज्जीमवर शोमरोनी लोकांचं मंदिर होतं. इ.स.पू. दुसऱ्या शतकाच्या अखेरीस योहान हिर्कानस या यहूदी राज्यकर्त्यानं ते पाडलं. दोन्ही समाज एकाच देवाला मानणारे, दोघांकडेही मोशेची पाच पुस्तकं, आणि वैर पिढ्यान्‌पिढ्यांचं. शोमरोनी समाज आजही आहे. हजाराच्याही आत माणसं उरली आहेत. काही याच डोंगरावर राहतात, काही तेल अवीवजवळच्या होलोन शहरात. वल्हांडण सणाला सगळे इथे जमतात आणि कोकरं अर्पण करतात.

[दृश्य : संत फोटिनीचं चर्च, आतला भाग, खाली उतरणाऱ्या पायऱ्या]

याकोबाची ती विहीर या चर्चच्या तळघरात आहे. चौथ्या शतकाच्या अखेरीस इथे पहिलं चर्च उभं राहिलं. मग पडझड झाली, क्रूसयुद्धांच्या काळात पुन्हा बांधकाम झालं आणि त्याचेही अवशेष झाले. १८६० मध्ये ग्रीक ऑर्थोडॉक्स चर्चनं ही जागा घेतली. पुढे नव्या इमारतीचं काम सुरू झालं, पण पहिल्या महायुद्धात थांबलं. भिंती कित्येक दशकं छपराविना उभ्या होत्या. आज दिसतं ते पूर्ण चर्च याच शतकातलं आहे. १९७९ च्या नोव्हेंबरात इथली सेवा पाहणारे फादर फिलुमेनोस यांची याच विहिरीपाशी हत्या झाली. २००९ मध्ये यरुशलेमच्या ग्रीक ऑर्थोडॉक्स चर्चनं त्यांना संतपद दिलं.

वेदीच्या दोन्ही बाजूंनी पायऱ्या खाली जातात. तळघर लहान आहे. टांगलेले दिवे, भिंतींवर चित्रं, आणि मधोमध दगडी काठाची अरुंद तोंडाची विहीर. वर रहाट, दोर, पत्र्याची बादली. दोर सोडू लागलं की तो संपता संपत नाही. विहीर जवळपास चाळीस मीटर खोल आहे. पेलाभर पाणी वरून सोडा, तीनेक सेकंद काहीच ऐकू येत नाही, मग खालून आवाज येतो. तेवढ्या वेळात आमच्यातलं कुणी एक शब्द बोललं नाही.

पाणी थंड आहे. गोड आहे. पवित्र भूमीतल्या बऱ्याच जागांबद्दल 'हेच ते ठिकाण का' असा वाद अभ्यासक घालतात. या विहिरीबद्दल यहूदी, शोमरोनी, ख्रिस्ती आणि मुसलमान या चारही परंपरांचं एकमत आहे. एवढी खोल विहीर कुणी उचलून दुसरीकडे नेऊ शकत नाही. येशू याच काठावर बसला होता. भर दुपारी, चालून दमलेला, एकटा. शिष्य गावात अन्न आणायला गेले होते.

एक शोमरोनी बाई घागर घेऊन येते. तिचं नाव शुभवर्तमानात नाही. पौर्वात्य मंडळ्या तिला फोटिनी म्हणतात. तो तिला म्हणतो, मला प्यायला दे.

[दृश्य : रहाट, दोर, वर येणारी बादली]

इथे मराठी ख्रिस्ती माणूस थबकतो. निदान आमच्याकडचा, अहिल्यानगर जिल्ह्यातला तरी थबकतोच. अमेरिकन मराठी मिशननं १८३१ मध्ये नगरला काम सुरू केलं. पुढच्या काळात तिथल्या खेड्यांतून जे ख्रिस्ताकडे आले, त्यांतले बहुतेक गावकुसाबाहेरचे. माझी आजी सांगायची, विहिरीला हात लावायची सोय नव्हती. बायका कळशी खाली ठेवून लांब उभ्या राहत. कुणाला दया आली, तर तो वरून पाणी ओतायचा, धार शिंतोडे न उडता पडेल एवढ्या उंचीवरून. कळशीला त्याचा पोहरा लागता कामा नये. कुणी आलंच नाही, तर तसंच बसून राहायचं. १८६८ मध्ये पुण्यात महात्मा फुल्यांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला. २० मार्च १९२७ ला महाडला बाबासाहेब आंबेडकर चवदार तळ्याचं पाणी ओंजळीनं प्यायले. पाणी कुणी कुणाला द्यायचं आणि कुणाच्या भांड्यातून प्यायचं, हा प्रश्न आमच्या माणसांना कुठल्या भाष्यग्रंथातून समजावून घ्यावा लागत नाही.

म्हणून या अध्यायातलं त्या बाईचं एक वाक्य आम्हाला फार मोठं वाटतं. ती म्हणते, तुमच्याजवळ पोहरा नाही आणि विहीर तर खोल आहे. उपदेशात हे वाक्य पटकन मागे पडतं, कारण पुढे जिवंत पाण्याचं मोठं बोलणं येतं. पण काठावर उभं राहून, हातात दोर धरून ते वाचलं की कळतं. पोहरा नाही, म्हणजे तो तिच्याच भांड्यातून पिणार. दुसरा मार्गच नाही. यहूदी पुरुष, गुरू म्हणवला जाणारा, आणि भांडं शोमरोनी बाईचं. आजीच्या गोष्टीत वर उभा असलेला द्यायचा आणि खालचा घ्यायचा. इथे ज्याला मान आहे, तोच मागतो आहे.

याच काठावर ती त्याला उपासनेच्या जागेबद्दल विचारते. आमचे पूर्वज या डोंगरावर उपासना करत, तुम्ही म्हणता यरुशलेमात करावी. गरिज्जीम इथून नजरेसमोर आहे, बोट दाखवूनच ती बोलली असेल. तो म्हणतो, या डोंगरावरही नाही आणि यरुशलेमातही नाही, अशी वेळ येत आहे. पिता आत्म्यानं आणि खरेपणानं उपासना करणारे शोधतो.

यात्रेकरूनं हे वचन इथे ऐकावं आणि मग यरुशलेमला जावं. तिथे येशूच्या कबरेवरच्या मंदिरात ग्रीक, लॅटिन, आर्मेनियन, कॉप्टिक, सिरियन आणि इथिओपियन अशा सहा मंडळ्यांचे हक्क आहेत. कुठला कोपरा कुणाचा, कुठला दिवा कुणी लावायचा, हे १८५२ च्या ऑटोमन फर्मानावर उभं आहे, आणि दाराची किल्ली पिढ्यान्‌पिढ्या एका मुसलमान घराण्याकडे आहे. त्या मंदिरात आम्ही रडलो, गुडघे टेकले, दगडाला हात लावला. त्याबद्दल मनात काहीही किंतु नाही. पण विहिरीवरून आल्यामुळे आमचा हात त्या दगडापाशी अडकून राहिला नाही.

[दृश्य : बलाटा छावणीतली अरुंद गल्ली, गच्च्यांवरच्या काळ्या टाक्या]

चर्चच्या दारातून बाहेर पडलं की काही पावलांवर बलाटा ही पॅलेस्टिनी निर्वासितांची छावणी सुरू होते. १९५० ची. भिंतीला भिंत लागलेली घरं, दोन माणसं कशीबशी शेजारून जातील एवढ्या गल्ल्या, आणि गच्च्यांवर पाण्याच्या टाक्यांची रांग, कारण नळाला पाणी रोज येईल याचा भरवसा नाही. छावणी बघून न बघितल्यासारखं करून बसमध्ये चढणं आम्हाला जमलं नाही. आम्ही तिथल्या दुकानातून खायला घेतलं, त्यांनी चहा दिला, तो प्यायलो.

यात्रा आखणाऱ्या पाळकांना आणि मंडळ्यांना आमची विनंती आहे. वाट सुरक्षित असेल, तेव्हा नाब्लुस वगळू नका. तळघरात उतरलात की चौथा अध्याय मोठ्यानं वाचा, आणि तो बायकांनी वाचावा. बहुतेक ठिकाणी 'मीच तो आहे' या सव्विसाव्या वचनावर वाचन थांबतं. तिथे थांबू नका. पुढे ती घागर तिथेच टाकून गावात जाते, गाव तिच्या शब्दावर बाहेर येतं, आणि चाळिसाव्या वचनात गावकरी त्याला राहण्याची गळ घालतात. तो दोन दिवस त्यांच्याकडे राहतो. दोन दिवस त्यांच्या घरी जेवतो, त्यांच्या भांड्यांतून पाणी पितो, आणि मग गालीलाकडे निघतो.