लॅबमधलं लाल पान आणि शीतलचं नाव

नमस्कार मंडळी. चहा हातात असेल तर असू द्या, आज चहा पीत पीत ऐकण्यासारखाच विषय आहे. आज बोलायचंय फिल्टरबद्दल. पाण्याच्या नाही हां, शाळेच्या कॉम्प्युटर लॅबमधल्या इंटरनेटच्या फिल्टरबद्दल. पाण्याचा फिल्टर शाळेत बसला की उद्घाटनाचा फोटो निघतो आणि दोन महिन्यांत त्याच्या तोटीला फडकं बांधलेलं दिसतं, इंटरनेटचा फिल्टर मात्र एकदा बसला की वर्षानुवर्षं जागचा हलत नाही, का ते मला विचारू नका.

मी बरीच वर्षं एका तालुक्याच्या गावी हायस्कूलला कॉम्प्युटर शिकवायचो. लॅब म्हणजे दहा मशीन, त्यातली सात चालू, चपला बाहेर काढायच्या, आणि आत एसी. एसी पोरांसाठी नाही, मशीनसाठी. पोरं ज्या वर्गात सहा सहा तास बसतात तिथे पंख्याचं एक पातं वाकडं, आणि मशीनला एसी, असो, तो वेगळा विषय आहे, त्यावर बोलायला लागलो तर आजचा वेळ संपेल.

तर झालं असं की नववीच्या दोन पोरांनी लॅबमध्ये नको ते उघडलं, शिपाई मामांनी बघितलं, आणि संध्याकाळपर्यंत बातमी चेअरमनसाहेबांच्या घरी. आता पोरांना मोकाट सोडू नये हे मलाही मान्य आहे, मी काही सगळं उघडं ठेवा म्हणणाऱ्यातला नाही. पण पुढे काय झालं, तर जिल्ह्याच्या गावाहून एक माणूस आला, एका जुन्या सीपीयूवर फुकटातलं सॉफ्टवेअर टाकलं, हेडसरांना विचारलं पोरं केवढी आहेत, हेडसर म्हणाले लहानच आहेत हो, त्यानं सगळ्यात कडक सेटिंग लावलं, पासवर्ड स्वतःकडे ठेवला, बिल दिलं आणि गेला. त्यानंतर त्याचा फोन कायम नॉट रिचेबल.

हे फिल्टर चालतं कसं ते थोडक्यात सांगतो. त्याच्याकडे वाईट शब्दांची एक यादी असते, इंग्रजी. काही शब्दांना मार्क असतात, पानावर असे शब्द सापडले की बेरीज होते आणि बेरीज ठरलेल्या आकड्यापुढे गेली की पान बंद. लहान पोरांसाठी ५०, जरा मोठ्यांसाठी १००, असं काहीतरी. परीक्षेच्या उलटं, जास्त मार्क पडले की नापास. आणि काही शब्द असे की एकदा जरी दिसला तरी पान थेट बंद. महत्त्वाची गोष्ट, फिल्टर अक्षरं बघतो, अर्थ बघत नाही. पुन्हा सांगतो, अक्षरं बघतो, अर्थ नाही. चाळणी भोकाच्या मापानं चाळते, दाणा ज्वारीचा का खड्याचा हे तिला कळत नाही, तसंच.

आमच्याकडे काय काय अडकलं म्हणता? दहावीच्या विज्ञान भाग २ मध्ये तिसरा धडा आहे, जीवनप्रक्रियांचा, त्यात प्रजनन आहे, बोर्डाच्या पुस्तकात आकृतीसकट छापलंय, पण लॅबमध्ये तीच आकृती शोधली की लाल पान, म्हणजे फिल्टरनं अडवल्याची पाटी. कुक्कुटपालनाचा प्रकल्प करणारा पोरगा इंग्रजीत कोंबडीचा नर शोधायला गेला, लाल पान. आणि गंमत म्हणजे आपल्या अस्सल मराठी शिव्या, देवनागरीत, आईपासून सुरू होणाऱ्या, त्या सगळ्या आरामात पास. फिल्टरला मराठी येतच नव्हतं.

आता मुद्द्याची गोष्ट सांगतो. २०१४ साल. विज्ञान प्रदर्शनाचा फॉर्म ऑनलाईन भरायचा होता, शेवटची तारीख, पाच वाजेपर्यंत. आठवीतली एक मुलगी, नाव शीतल. आडनाव सांगत नाही. तिचा प्रकल्प साधा आणि झकास. मोठ्या माठात छोटा माठ, मधे ओली वाळू, वरून ओलं गोणपाट. पाणी उडून जाताना उष्णता घेऊन जातं आणि आतला माठ गार राहतो, तिची मेथीची जुडी तीन दिवस टवटवीत राहिली होती, मी स्वतः बघितली. आमच्याकडे फ्रीजमध्ये तीन दिवसांत ती काळी पडते, पण आम्ही ती पिशवीसकट कोंबतो ते जाऊ द्या.

तर शीतलनं फॉर्म भरला, नाव टाकलं, शाळा टाकली, सबमिट केलं. पुढच्या पानावर तुमची माहिती तपासा म्हणून सगळं परत दिसतं ना, ते पान यायच्या जागी आलं लाल पान. वर मोठ्या अक्षरात, हे पान अयोग्य आहे. खाली, तुमची नोंद घेतली गेली आहे. पोरगी जागची उठली. म्हणाली, सर मी काहीच नाही केलं हो. म्हटलं बाई बस, परत भर. परत लाल. मशीन बदललं, परत लाल. शेजारी दुसऱ्या वर्गातली अजून एक शीतल बसलेली, तिचा फॉर्म दोन मिनिटांत गेला. एकीचं जातं, एकीचं नाही, नाव तेच. मला घाम फुटला, आणि एसी चालू होता बरं का.

मग दोन्ही स्क्रीन शेजारी शेजारी बघितल्या तेव्हा ट्यूब पेटली. एकीचं स्पेलिंग डबल ई वालं. दुसरीचं, म्हणजे आमच्या शीतलचं, एस एच आय टी ए एल. मंडळी, त्यातली पहिली चार अक्षरं तुम्ही मनात जोडून बघा, मी इथे उच्चारणार नाही, स्टुडिओच्या काचेच्या पलीकडून ताई डोळे वटारून बघतायत. झालं. शितोळे घ्या, के एस एच वालं दीक्षित घ्या, रक्षित, हर्षित, अक्षिता, सगळ्यांच्या पोटात तीच चार अक्षरं. निम्मी हजेरी अश्लील!

हा प्रकार काही आपल्याकडेच होतो असं नाही. इंग्लंडमध्ये स्कन्थॉर्प म्हणून पोलाद कारखान्याचं गाव आहे, १९९६ मध्ये तिथल्या लोकांना एओएल नावाच्या इंटरनेट कंपनीकडे खातं उघडता येईना, कारण गावाच्या नावात मधेच एक घाण शिवी लपलेली निघाली. कॉम्प्युटरवाले आजही याला स्कन्थॉर्प प्रॉब्लेम म्हणतात. लंडनच्या हॉर्निमन म्युझियमच्या ईमेलचंही असंच झालं होतं. आपल्या मुंबईच्या हॉर्निमन सर्कलचे हॉर्निमन वेगळे बरं, ते बॉम्बे क्रॉनिकलचे संपादक, ते स्वतः इंग्रज असूनही त्यांना १९१९ मध्ये इंग्रज सरकारनं देशाबाहेर काढलं. पण त्या सरकारनं निदान त्यांचा पेपर वाचून तरी काढलं होतं. मला विचाराल तर वाचून अडवणारा परवडला, न वाचता अडवणारा नको.

असो, साडेचार वाजले होते. मी काय केलं, जे आपण सगळे करतो ते. म्हटलं शीतल, डबल ई टाक. टाकलं, फॉर्म गेला. मला वाटलं सुटलो.

कसला सुटतोय. मागच्या बाकावरच्या पोरांनी सगळं ऐकलेलं, त्यांनी डोकं चालवून ती चार अक्षरं शोधून काढली आणि दुसऱ्या दिवसापासून तिला त्याच नावानं हाक. ज्या शब्दापासून पोरांना लांब ठेवायचं म्हणून हे यंत्र आणलं, तो शब्द पोरांना त्या यंत्रानंच शिकवला. तिचे वडील शाळेत आले. साधा माणूस, भाजीचा धंदा. म्हणाले, सर, आज्जीनं ठेवलंय नाव, शीतल म्हणजे गार, यात वाईट काय आहे? आणि मी, एवढी वर्षं शिकवणारा माणूस, टेबलावरचा पेपरवेट फिरवत बसलो. काय सांगणार? तुमच्या पोरीचं नाव इंग्रजीत लिहिलं की शिवी होते असं सांगू?

शेवटी पासवर्ड कसा मिळाला सांगू? दहावीतल्या एका पोराला तो आधीपासून माहीत होता. शाळेचं नाव आणि पुढे एक दोन तीन. म्हणजे ज्यांच्यासाठी कुलूप लावलं त्यांच्याकडे चावी, आणि मी मास्तर बाहेर उभा. त्याच पोराला शेजारी बसवलं आणि यादी उघडली. यादीत शब्दाच्या पुढे मागे मोकळी जागा नव्हती, म्हणून तो कुठल्याही शब्दाच्या पोटात सापडायचा. आम्ही पहिल्यांदा शब्द सुरू होण्याआधी एक स्पेस टाकली. दीक्षित सुटले, हर्षित सुटला, शीतल अडकलेलीच, शितोळेही. कारण यांची नावं सुरूच तिथून होतात ना! मग शब्द संपल्यावर पण एक स्पेस टाकली. सगळे सुटले. दोन स्पेस, मंडळी, फक्त दोन स्पेस, कीबोर्डवरचं सगळ्यात मोठं बटण, ते दोनदा दाबायला कोणी नव्हतं म्हणून पोरगी महिनाभर खाली मान घालून फिरली.

तिला बोलावून म्हटलं, आता टाक तुझं नाव, तुझ्या स्पेलिंगनं. टाकलं. पान उघडलं. तिनं थोडा वेळ बघितलं आणि म्हणाली, सर, प्रिंट मिळेल का? रंगीत कार्ट्रिज संपलेलं होतं, काळी पांढरी दिली.

माठाच्या प्रकल्पाला दुसरा नंबर आला. प्रमाणपत्र मात्र डबल ई वालं आलं आणि शाळेच्या रजिस्टरला एक आय, त्यामुळे आमचे क्लार्क भाऊसाहेब म्हणाले, नाव जुळत नाही, नोंद घेता येत नाही, देताही येत नाही. ते रिटायर झाले, मीही झालो, शीतल आता पुण्यात नोकरीला आहे, आणि ते प्रमाणपत्र अजून शाळेच्या कपाटात, खालून दुसऱ्या कप्प्यात, हिरव्या फाईलला आहे. गेल्या महिन्यात नवीन क्लार्कना फोन केला होता. म्हणाले, सर, आधार कार्डावर कसं आहे?

चला, बातम्यांची वेळ झाली, ताई हात दाखवतायत. नमस्कार.