त्सुबा अस्सल की ओतीव? आधी मधलं भोक बघा

नमस्कार मंडळी. ही बघा, तळहातावर मावणारी लोखंडी चकती. हा त्सुबा. आपल्या तलवारीत मूठ आणि परज एकसंध असतात. जपानी तलवारीत मात्र हात वाचवणारी ही चकती सुटी असते, पात्यात ओवलेली. १८७६ मध्ये जपान सरकारनं उघडपणे तलवार लावून फिरायला बंदी घातली, तेव्हा तलवारींचा साज उतरला आणि त्सुबा संग्राहकांकडे वळले.

नवा माणूस आधी नक्षी बघतो, मग सही. मीही तेच केलं. ‘नोबुइए’ या नामवंत त्सुबा-कारागिराची सही दिसली आणि पैसे मोजले. भिंग घेतलं ते नंतर. ओतीव नक्कल होती ती, सहीसकट साच्यातून काढलेली. फार वाईट वाटलं.

म्हणून आता मी सुरुवात करतो ती मधल्या निमुळत्या भोकापासून. पातं इथून जातं. त्सुबा एका तलवारीवरून दुसरीवर बसवायचा तर हे भोक कानशीनं वाढवायचे, नाहीतर वर-खाली तांब्याचे तुकडे ठोकून घट्ट करायचे. त्या तुकड्यांना म्हणतात सेकिगाने. हे बघा, हा तांबूस ठिपका! भोकाभोवती सेप्पा नावाच्या पातळ चकत्या बसायच्या, त्यामुळे तिथली झीज आणि रंग वेगळा असतो. अर्थात, कधीच न बसवलेले अस्सल त्सुबाही मिळतात, तेव्हा फक्त एवढ्यावर निकाल देऊ नका.

पुढे जाळीकामाच्या आतल्या भिंती. कॅमेरा जवळ आणतो. इथे कानशीचे ओरखडे दिसतायत? ओतीव मालात अशा ठिकाणी बारीक शिवण किंवा बुडबुड्यांचे खळगे सापडतात. लोहचुंबक नको, ओतीव लोखंडालाही तो चिकटतोच.

सही सगळ्यात शेवटी. तलवार जोडली की ती सेप्पाखाली झाकलीच जायची. छिन्नीनं कोरलेल्या अक्षराच्या कडेला धातू किंचित उचललेला असतो, साच्यातलं अक्षर बोथट. जुन्या, अस्सल त्सुबावरही मोठ्या कारागिराची खोटी सही मारलेली असू शकते. बिनसहीचे सुंदर त्सुबा तर कितीतरी आहेत, आणि मी नवख्याला तेच घ्यायला सांगेन. महागडा घ्यायचाच असेल तर जपानी तलवारी जतन करणाऱ्या टोकियोच्या एनबीटीएचके या संस्थेचा निदान ‘होझोन’ हा अस्सलपणाचा दाखला मागा.

आणि कृपा करून, घरी आणल्यावर चिंच, लिंबू लावून घासू नका. काही त्सुबा लोखंडाऐवजी शाकुदोचे असतात, म्हणजे थोडं सोनं मिसळलेल्या तांब्याचे. त्यावरचा तो निळसर काळा रंग म्हणजे मळ नाही. कारागिरानं तो मुद्दाम चढवलेला असतो. मऊ, कोरडं फडकं पुरे.