गाडी सत्तरला मिसिंग करते

(कुडाळात जुन्या गाड्यांच्या शौकिनांपुढे केलेल्या भाषणाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, मागे आवाज पोचतोय ना? नसेल तर सांगा, मी चोक ओढतो. हसलात, म्हणजे चोक, थंड गाडी सुरू करताना ओढायची ती कळ, ठाऊक असलेली माणसं जमलीत. मागे एका ठिकाणी हाच विनोद केला तर एका मुलाने धावत पाण्याचा ग्लास आणून दिला. त्याला वाटलं, काकांना ठसका लागला.

माझं म्हणणं एवढंच आहे की वेगात गाडी मिसिंग करायला, म्हणजे इंजिन ठोके चुकवून गचके द्यायला लागली, तर कार्बोरेटर, म्हणजे हवा आणि पेट्रोल मिसळणारा भाग, सगळ्यांत शेवटी उघडा. आपल्याकडे काय होतं? बॉनेट उघडं दिसलं की रस्त्याने जाणारा माणूस थांबतो. मासळीची पिशवी हातात असली तरी थांबतो. वाकून बघतो आणि सांगतो, "कार्बोरेटर साफ करून घ्या." त्याच्याकडे सायकलसुद्धा नसते! घरात काही हरवलं की मोलकरणीवर आळ घेतात ना, तसं त्या बिचाऱ्या कार्बोरेटरचं झालंय.

माझी प्रीमियर पद्मिनी मोटार, १०८९ सीसी, तुमच्यापैकी बरेच जण तिच्यात बसलेत, दोघांनी तर ढकललीय. तर त्या वर्षी गणपतीनंतर तिने एक खोड काढली. कुडाळहून कणकवलीला निघालो की ओरोसपर्यंत लोण्यासारखी. सत्तरचा वेग धरून कसाल जवळ आलं की आधी एक गचका, मग दोन, मग फट्फट् करत दम तोडायची. बाजूला घ्यावी, बॉनेट उघडावं, समोरच्या टपरीवर चहा घ्यावा, की परत सुरू, जणू काही झालंच नाही. आमच्या सौभाग्यवतींचं मत होतं की दोष गाडीत नसून टपरीवरच्या भज्यांत आहे.

गॅरेजात नेली. तिथे उभी असताना काय, ढिम्म आवाज नाही, शिवणयंत्रासारखी चाललेली. कार्बोरेटर उघडला, जेट, म्हणजे पेट्रोल येण्याची बारीक भोकं, फुंकले, बसवला. पुन्हा कसाल, पुन्हा भजी. दुसऱ्यांदा मेन जेट बदलला. तिसऱ्यांदा फ्लोट, म्हणजे आतल्या पेट्रोलची पातळी राखणारा तरंगता गोळा, बदलला. मी त्या मेकॅनिकला काय काय बोललो ते इथे सांगण्यासारखं नाही, बायकामाणसं बसलीत. त्यातल्या एकीने मात्र गाडीत एकदा म्हटलं होतं, "कणकवलीहून परत येताना ती कसालला थांबत नाही, पार कुडाळ जवळ आल्यावर थांबते. म्हणजे जागा नव्हे, वेळ बघा." मी म्हटलं, तू गप्प बस, हे इंजिनाचं काम आहे. निम्मं निदान तिथेच झालं होतं, मंडळी!

शेवटी एक दिवस गचके खातखात पेट्रोल पंपावर शिरलो. पंपावरच्या पोराने टाकीचं झाकण फिरवलं आणि केवढ्याने आवाज आला, फुस्स! हवा आत ओढली गेली. पोरगा म्हणाला, "काकानू, हिचो दम कोंडलो हा." झाकण उलटं करून बघितलं, तर हवेचं बारीक भोक बुजलेलं. कशाने? एम-सीलने. आणि ते कोणी लावलं? पावसाचं पाणी टाकीत जाऊ नये म्हणून आषाढात मीच! लावल्यावर वर सौंना दाखवलंही होतं, बघ कसं पक्कं केलं. दुसऱ्या दिवशी मेकॅनिककडे नारळ घेऊन गेलो. त्याने नारळ घेतला, बोलला काही नाही.

आता हे वेगातच का व्हावं? कार्बोरेटरात पेट्रोल साठतं तो फ्लोट चेंबर म्हणजे न्हाणीघरातला बंब. घरात दोन माणसं असली तर बारीक धारेचा नळही पुरतो. गणपतीत मुंबईहून पंधराजण आले की चौथ्याच्या डोक्यावर साबण आणि बंब रिकामा. गाडी सावकाश चालते तेव्हा पेट्रोल थोडं लागतं, गाडीतला पंप टाकीतून ओढून कसाबसा ते पुरवतो. सत्तरला मागणी वाढते, इकडे टाकीत हवा शिरत नाही, पोकळी तयार होते, पंप ओढून दमतो. थांबलात की हवा कुठून तरी झिरपते, बंब भरतो. तुम्ही समजता, चहाने गुण आला.

अध्यक्ष घड्याळ दाखवतायत. किती, पाच मिनिटं? अहो, विषय तर आता सुरू झाला! बरं, भराभर सांगतो, लिहून घ्या.

मोकळ्या रस्त्यावर गचके सुरू झाले की चोक किंचित ओढा, म्हणजे हवा कमी आणि पेट्रोल जास्त जातं. गाडी सुधारली तर पेट्रोल कमी पडतंय. मग झाकण सैल करून बघा, त्यानंतर फिल्टर, तडकलेली रबरी नळी, पंपाचा डायफ्रॅम, म्हणजे आतला पडदा, फ्लोटची उंची, आणि मग, हात जोडून, मेन जेट. चोकने आणखी बिघडली तर दोष ठिणगीत, नाहीतर हवेतल्या मिक्श्चरमध्ये पेट्रोल आधीच जास्त. एअर फिल्टर चोंदला असेल. ठिणगी पाडणारा प्लगही बोलतो: पांढरा पडला तर उपाशी, काळा काजळलेला तर अजीर्ण, बिस्किटाच्या रंगाचा तर उत्तम.

ठिणगीचं गणित बघा. चार सिलिंडरच्या इंजिनाला मिनिटाला ८०० फेऱ्यांवर १,६०० ठिणग्या लागतात, ४,००० फेऱ्यांवर ८,०००. म्हणजे सेकंदाला १३३! ठिणगीसाठी उघडझाप करणाऱ्या पॉइंटची स्प्रिंग ढिली असेल तर ते नीट मिटायच्या आत पुन्हा उघडतात. पॉइंटला जोडलेला कंडेन्सर गेला तर पॉइंट जळतात. ठिणगीचा दाब वाढवणारी कॉइल तापल्यावर दगा देते. आणि आपल्याकडे खारी हवा: वायरींवर, प्लगांना पाळीपाळीने ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरच्या कॅपवर खार बसतो, ओल धरते, ठिणगी प्लगऐवजी भलतीकडेच पळते. रात्री दिवे मालवून, बॉनेट उघडून इंजिन चालू करा. निळी झगझग दिसली तर वायरी बदला. हात लावून बघू नका, मी लावलाय.

इथेनॉल राहिलंच. वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलात प्राणवायू जास्त, म्हणून त्याच जेटवर मिक्श्चर पातळ पडतं, म्हणजे पेट्रोल कमी पडतं. जुन्या रबराला ते सोसत नाही, टाकीतला जुना मळ सुटून फिल्टरमध्ये येतो, आणि ते ओल पितं. म्हणून जून ते गणपती गाडी उभी ठेवून एकदम हायवेला काढू नका, आधी फिल्टर बघा.

फ्लोटची उंची कशी मोजायची हे सांगायला मला वीस मिनिटं लागतील आणि मागे बटाटेवडे निवतायत. ज्यांच्या गाड्या बाहेर उभ्या आहेत त्यांनी टाकीची झाकणं काढून आत आणावीत. सुई मी घरून आणलीय.