एक टीबीच्या डिस्कमधले ६९ जीबी गेले कुठे?

मुंबईत ग्रँट रोड स्टेशनवर उतरून जरा चाललं की लॅमिंग्टन रोड, संगणकाच्या सुट्या भागांचा बाजार. पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग लिहिलंय, पण रॅम किंवा केबल घ्यायला येणाऱ्याच्या तोंडी लॅमिंग्टन रोडच.

इथल्या एका काउंटरवर कॉलेजातली एक मुलगी नवी हार्ड डिस्क लॅपटॉपला लावून बघतेय. खोक्यावर छापलंय १ टीबी (टेराबाइट), म्हणजे १००० जीबी. स्क्रीनवर आलंय ९३१ जीबी.

"काका, हे कमी कसं?"

"ताई, कुठल्याही कंपनीची लावा, एवढंच दिसणार."

काका खरं तेच सांगतायत. पण मागे गिऱ्हाइकं ताटकळलीयत, त्यामुळे कारण आपणच बघू.

संगणकाला शून्य आणि एक, एवढंच कळतं. असा एक अंक म्हणजे बिट. आठ बिटांचा एक बाइट. आठच का? सुरुवातीला असं काही ठरलेलं नव्हतं, सहा बिटांत अक्षर बसवणारी यंत्रंही होती. १९६४ मध्ये आयबीएमची सिस्टिम ३६० आली आणि आठाचा पायंडा पडला. इंग्रजी अक्षर एका बाइटमध्ये मावतं. आपल्या देवनागरीला, आज सगळीकडे चालणाऱ्या यूटीएफ-८ पद्धतीत, तीन बाइट लागतात, आणि उकार, अनुस्वार वेगळे मोजले जातात. 'मुंबई' म्हणजे म, उकार, अनुस्वार, ब, ई. झाले पंधरा बाइट.

आता कुलाब्याला जाऊ. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० मध्ये टिफ्रॅक हा संगणक कामाला लागला. त्याची मेमरी फेराइट या चुंबकीय पदार्थाच्या इवल्याशा कड्यांची, तारांमध्ये ओवलेल्या. एक कडी, एक बिट. एकूण २०४८ कप्पे, प्रत्येकात ४० बिट. गुणाकार करा: ८१,९२० बिट, म्हणजे १०,२४० बाइट. बरोब्बर दहा केबी, म्हणजे किलोबाइट! आज सकाळी उठल्या उठल्या ग्रुपवर येऊन पडणारं गुड मॉर्निंगचं चित्रसुद्धा त्यात मावायचं नाही.

पण कप्पे २०४८ का, सरळ दोन हजार का नाहीत? प्रत्येक कप्प्याला पत्ता लागतो आणि पत्ताही शून्य-एकमध्येच लिहायचा. पत्त्यात एक बिट वाढला की कप्पे दुप्पट होतात. दहा बिटांत १०२४, अकरा बिटांत २०४८. हजाराच्या सगळ्यात जवळ आला तो १०२४, म्हणून इंजिनिअर लोकांनी त्यालाच 'किलो' म्हणायला सुरुवात केली. चोवीसचा तर फरक, कोण बघतंय!

डिस्कला मात्र अशा दुपटीची सक्ती नाही. त्यामुळे डिस्क बनवणारे हजाराचा साधा हिशेब धरतात: एक टीबी म्हणजे एक लाख कोटी बाइट. तेवढे त्या डिस्कमध्ये खरंच आहेत. विंडोज त्याच आकड्याला १०२४ ने तीनदा भागतं, उत्तर येतं ९३१, आणि पुढे लिहितं जीबी. बाइट तेवढेच, मोजमाप दोन. केबीला हा फरक २.४ टक्के असतो, जीबीला ७.४, टीबीला जवळपास १०. जुन्या फ्लॉपीवरचा १.४४ एमबी तर आणखी अजब: त्यातला एमबी म्हणजे १००० गुणिले १०२४. ना इकडचा, ना तिकडचा.

१९९८ मध्ये आंतरराष्ट्रीय विद्युततंत्र आयोगाने १०२४ च्या हिशेबाला किबी, मेबी, गिबी अशी वेगळी नावं दिली. लॅमिंग्टन रोडवर गिबिबाइट मागून बघा, काका चष्म्यावरून तुमच्याकडे बघतील. ॲपलने २००९ मध्ये मॅकवर हजाराचा हिशेब घेतला, त्यामुळे हीच डिस्क तिथे १ टीबीच दिसते. विंडोज अजून जुन्याच वळणावर आहे.

तेव्हा ९३१ दिसले म्हणून काकांशी हुज्जत घालू नका. हुज्जत घालायची ती फुटपाथवर मातीमोल भावात मिळणाऱ्या २ टीबीच्या पेनड्राइव्हवरून. तो लॅपटॉपला लावलात की १.८१ टीबी दाखवेल, हिशेबाला अगदी चोख. आतली चिप मात्र ३२ किंवा ६४ जीबीची असू शकते, पेनड्राइव्हचा कारभार बघणाऱ्या कंट्रोलरला खोटा आकडा पढवलेला असतो. जागा संपली की नव्या फाइल जुन्यांवर लिहिल्या जातात किंवा कुठेच लिहिल्या जात नाहीत, आणि कॉपी झाल्याचं सांगून तो मोकळा होतो. असा पेनड्राइव्ह घेतलाच असेल, तर आधी तो बिनमहत्त्वाच्या फाइलींनी काठोकाठ भरा, त्यातली प्रत्येक फाइल उघडून बघा, आणि मगच त्यात लग्नाचे फोटो टाका.