काजळी धुळ्याहून आली तेव्हा

श्रोतेहो, नमस्कार.

आधी एक आवाज ऐका. (डबा हलवल्याचा आवाज.) पत्र्याचा डबा आहे आणि आत दोन मुठी शाळू. सांगलीतल्या आमच्या ढाबळीत, म्हणजे कबुतरांच्या घरात, गेली चाळीस वर्षं हाच डबा वाजतोय. झाकण दोनदा बदललं, डबा तोच. हा आवाज कानावर पडला की आभाळात घिरट्या घालणारं पाखरू पंख मिटून खाली येतं. आज मला लांब पल्ल्याच्या शर्यतीसाठी होमर कबुतरं कशी तयार करतात ते सांगायचंय. त्या तयारीची सुरुवातच या डब्यापासून होते, म्हणून तो स्टुडिओत घेऊन आलो.

लोक मला नेहमी विचारतात, "तुमचं कबुतर धुळ्याला जातं का हो?" नाही जात. धुळ्याला त्याला आपण नेतो. ते धुळ्याहून येतं. एवढं पक्कं लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे. होमर कबुतर कुठं जात नाही, ते घरी येतं. ओडिशा पोलिसांनी १९४६ साली कबुतरांची निरोप सेवा सुरू केली, तीही याच जोरावर. जवान पाखरं बरोबर घेऊन आडभागात जायचे आणि पायाला चिठ्ठी बांधून सोडायचे. १९८२ च्या महापुरात तिथलं बांकी गाव तुटलं, तेव्हा निरोप आणले ते या कबुतरांनी. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा आमच्या गावभागात शिरली, फोन लागेनात, तेव्हा ढाबळीशेजारी बसून मला सारखं ते बांकी आठवत होतं.

तर घरची ओढ आधी, पंखातली ताकद नंतर. पिल्लू पाच-सात दिवसांचं झालं की पायात कडी घालायची, पुढं बोटं जाड होतात आणि कडी चढत नाही. महिन्याभरानं त्याला जाळीतून भोवतालचं बघू द्यायचं. देवळाचा कळस, आयर्विन पूल, नदीकाठची झाडी, शेजारच्यांची पाण्याची टाकी. मग गच्चीभोवती फेऱ्या, आणि प्रत्येक फेरीनंतर हा डबा. पोट भरलेलं असताना पाखराला कधीही उडवू नये. बाहेरून आलं की दाणा मिळतो, ही गाठ त्याच्या मनात पक्की बसली पाहिजे.

त्यानंतर डालगं, म्हणजे पाखरं टोपलीत घालून लांब न्यायची आणि सोडायची. पहिल्यांदा आष्टा, सरळ रेषेत वीस किलोमीटर. मग ईश्वरपूर, म्हणजे आपलं जुनं इस्लामपूर, चाळीस. कऱ्हाड पासष्ट, सातारा एकशे दहा, पुणे दोनशे, नाशिक साडेतीनशेच्या थोडं वर, आणि शेवटी धुळे, साडेचारशे. एक टप्पा दोन-तीनदा जमल्याशिवाय पुढचा टप्पा घ्यायचा नाही. पहिल्या वर्षाच्या पाखराला पुण्यापलीकडं नेऊ नये. धुळ्याची शर्यत दोन वर्षं पुरी झालेल्या पाखराची.

आमच्या लहानपणी ही डालगी एसटीतून जायची. ओळखीचा कंडक्टर सातारा स्टँडला डालगं उतरवायचा, मोकळ्या जागेत नेऊन दोरी सोडायचा, परतीच्या फेरीला रिकामं डालगं आणून द्यायचा आणि चहाचे पैसेसुद्धा घ्यायचा नाही. १ जून १९४८ ला पुणे-नगर मार्गावर पहिली एसटी धावली. तेव्हापासून या लाल गाडीनं खेड्यातली पोरं शाळेत नेली, पेशंट दवाखान्यात नेले, लेकीबाळी माहेरी आणल्या. एसटी जगली पाहिजे, असं मला मनापासून वाटतं, आणि जिथं बोलायला मिळेल तिथं मी ते बोलतो. असो, कबुतरांकडं येऊ.

दाण्याचं सांगतो. निवडणं, पाखडणं, ऊन देणं हे तुमच्या घरात रोज चालतं, त्यात वेळ घालवत नाही. शर्यतीच्या आठवड्यात सुरुवातीला हलका दाणा, म्हणजे जव आणि शाळू. शेवटचे तीन दिवस मका वाढवायचा, थोडी करडई आणि चार-चार शेंगदाणे. लांब उडताना कबुतर मुख्यतः अंगातली चरबी जाळतं, म्हणून ती आधी साठवायची. पण लवकर साठवली तर पाखरू जड होतं आणि गच्चीवरच बसून राहतं. आधी हलका, शेवटी तेलकट. पुन्हा सांगतो, आधी हलका, शेवटी तेलकट. आणि शाळू आपल्याच भागातला घ्या. आता रानात जिथं तिथं ऊस झालाय. बार्शीकडून, मंगळवेढ्याकडून दाणा मागवायची वेळ सांगलीकरावर यावी, याचं मला वाईट वाटतं.

पाखरू हातात घेऊन बघायचं. ते बुचासारखं हलकं लागलं पाहिजे. छातीची कातडी गुलाबी हवी. पंखातली दहा मोठी पिसं मोजायची, त्यातलं शेवटचं, बाहेरचं पीस अर्धवट वाढलेलं असेल तर ते पाखरू घरी ठेवायचं. आणि दिवस ढगाळ, धुक्याचा असेल तर डालगं उघडायचं नाही. अमेरिकेतल्या विल्यम कीटन यांनी १९७१ साली कबुतरांच्या पाठीवर लोहचुंबक बांधून बघितलं. स्वच्छ उन्हात जाणती कबुतरं बिनचूक घरी गेली, ढगाळ दिवशी मात्र गोंधळली. म्हणजे त्यांच्याकडं सूर्याची दिशा आहे आणि पृथ्वीच्या चुंबकाचीही. वासावर वाट शोधतात असंही इटलीतल्या अभ्यासकांनी दाखवलं. हा विषय मोठा आहे, आज इतकंच.

आता मुख्य गोष्ट. ताकद आहे, वाट माहीत आहे, तरी साडेचारशे किलोमीटर पाखरानं न थांबता का यावं? त्याला तुमचा चषक कळत नाही. त्याला घरात कुणीतरी असावं लागतं. नरासाठी बेल्जियमची विधुर पद्धत आहे. जोडी वेगळी ठेवायची आणि पाठवायच्या आधी पाच मिनिटं मादीला भेटू द्यायचं. मादीसाठी घरटं. अंड्यांवर बसून दहा-बारा दिवस झालेली, नाहीतर पोटाखाली चार दिवसांचं पिल्लू असलेली मादी वाऱ्यासारखी येते. यापलीकडं मी समजावून सांगत नाही, आमच्या काजळीचं सांगतो.

तीस वर्षं तरी झाली असतील. ढाबळ तेव्हा माझ्या चुलत्यांची, आम्ही सगळे त्यांना आप्पा म्हणायचो. फेब्रुवारीत धुळ्याची शर्यत ठरली. आमची पाच पाखरं जाणार होती. त्यात राजा म्हणून निळा नर, अंगानं भरदार, पुण्याच्या शर्यतीत पहिला आलेला. आणि काजळी. अंगानं किरकोळ, डोळ्याभोवती काळी रेघ, कुणाच्या नजरेत न भरणारी मादी. ती अंड्यांवर चौदा दिवस बसली होती. शुक्रवारी सकाळी आप्पांनी बॅटरीच्या उजेडात दोन्ही अंडी धरली. एकात पिल्लू हलत होतं, दुसरं स्वच्छ दिसत होतं, म्हणजे वांझ.

आप्पांनी ते वांझ अंडं घेतलं, सुईनं दोन भोकं पाडली, फुंकून आतला बलक काढला, कवच वाळवलं. ज्वारीच्या कोठीतून एक सोंडकिडा आणून आत सोडला आणि भोक मेणानं बुजवलं. हवेपुरतं बारीक छिद्र ठेवलं. मी विचारलं, "आप्पा, हे काय?" ते म्हणाले, "गप बघ." दुपारी काजळीचा नर अंड्यांवर होता. दिवसा नर बसतो, चारच्या सुमारास मादी येते आणि सकाळपर्यंत तीच असते. चार वाजता काजळी येऊन बसली. थोड्या वेळानं पोटाखाली किडा हालला, कवचावर खरखर झाली. ती एकदम ताठ झाली. मान खाली घालून ऐकू लागली, आणि तिच्या गळ्यातून इतका बारीक, मऊ आवाज आला की मी तो त्याआधी ऐकला नव्हता. तिला वाटलं, पिल्लू आतून टोच मारतंय. रात्री आप्पांनी तिला तशीच उचलली आणि डालग्यात घातली.

रविवारी सकाळी दहा मिनिटं कमी सातला धुळ्याहून फोन आला, "सोडली." आमच्या गच्चीवर तोवर पंधरा-वीस माणसं जमली होती. शेजारी, पाहुणे, पोरं. कुणी भडंग आणलं, कुणी चहाची किटली. वारा समोरचा होता. दोन वाजले, काही नाही. तीन वाजले. तीन चाळीसला राजा दिसला. टाकीवरून सरळ आला आणि आमच्या गच्चीवरची गर्दी बघून शेजारच्यांच्या टीव्हीच्या अँटेनावर बसला.

श्रोतेहो, पाखरू दिसलं म्हणजे शर्यत संपत नाही. त्याच्या पायातलं रबर, म्हणजे शर्यतीचं रबरी कडं, काढून शिक्क्याच्या घड्याळात टाकलं की वेळ नोंदली जाते. प्रत्येकाची ढाबळ वेगळ्या अंतरावर, म्हणून मिनिटाला किती मीटर असा वेग काढतात आणि त्यावर नंबर ठरतो. राजा अँटेनावर आणि रबर त्याच्या पायात. आप्पांनी डबा वाजवला. सगळ्यांनी एकदम टाळ्या वाजवल्या. राजा उडाला, दोन फेऱ्या मारल्या, पुन्हा अँटेनावर. बावीस मिनिटं. शेवटी आप्पांनी हात जोडून सगळ्यांना जिन्यात उतरवलं, एकटे डबा घेऊन उभे राहिले, तेव्हा तो आत आला. ती बावीस मिनिटं वजा केली तर राजा पहिला होता. आम्ही तिसरे आलो. तेव्हापासून आमच्या गच्चीवर शर्यतीच्या दिवशी एकच माणूस असतो. एकच माणूस, नेहमीच्या कपड्यात, नेहमीचा डबा घेऊन.

काजळी आली नाही. बाकीची तीन साडेपाचपर्यंत आली. सूर्य नदीपलीकडं गेला, अंधार पडला. कबुतर रात्री उडत नाही, कुठंतरी आसरा धरून बसतं. चार वाजता तिची बसायची वेळ झाली होती, पण घरट्यावरून तिचा नर उठला नाही. सहा वाजले तरी उठला नाही. रात्री कंदील घेऊन गेलो तर तो तसाच, डोळे उघडे ठेवून अंड्यांवर. आप्पा त्याच्यासमोर पोत्यावर बसून राहिले. जेवले नाहीत. मला म्हणाले, "पाखरू दमलं असंल तर कुठं बी उतरून पाणी पितं, दम खातं. हिला म्या दम खायची सोय ठेवली न्हाई."

सोमवारी सकाळी सातच्या आधी पत्र्यावर धप्प झालं. काजळीच होती. शेपटीची पिसं अर्धी गेलेली, छातीवर उभी जखम, रक्त वाळून काळं झालेलं. हिवाळ्यात आपल्याकडं बहिरी ससाणा येतो, त्याचा झपाटा असणार. तिनं डब्याकडं बघितलं नाही, पाण्याकडं बघितलं नाही. सरळ घरट्यात गेली आणि नराला खांद्यानं बाजूला सारून बसली. मान खाली घातली आणि ऐकू लागली. किडा मेला होता. पोकळ अंड्यातून काही आवाज येत नव्हता, आणि ती ऐकतच होती.

आप्पांनी हात घातला आणि ते कवच काढून घेतलं. मुठीत धरून जिना उतरून खाली गेले, परसात जाऊन पुरलं. वर आले तेव्हा डोळे पाण्यानं भरले होते. "खोटं सांगून बोलावली तिला," एवढंच म्हणाले. जखमेला हळद लावली, गूळ-मिठाचं कोमट पाणी चोचीपाशी धरलं, तेव्हा ती प्याली. दुपारी खऱ्या अंड्याला टोच पडली.

ती क्लृप्ती पुष्कळ जुन्या कबुतरवाल्यांना माहीत आहे, आणि ती लागू पडते यात शंका नाही. आप्पांनी पुन्हा कधी केली नाही. मीही करत नाही, आणि तुमच्यापैकी कुणी हा छंद करत असेल तर करू नका, अशी हात जोडून विनंती. खरं अंडं, खरं पिल्लू, खरी जोडी असेल तर पाखरू येतंच. वाटेत दम खाऊन येतं, एखादा तास उशिरा येतं.

आणखी दोन गोष्टी घाईनं सांगतो. ढाबळ झाडताना फरशीवर पाणी शिंपडा आणि तोंडाला मास्क लावा. विष्ठेच्या आणि पिसांच्या धुळीनं फुप्फुसांना कायमची इजा होऊ शकते. २०२५ साली मुंबईत दादरच्या कबुतरखान्यावरून जो वाद झाला, त्यातली आरोग्याची बाजू मला पटते. चौकात पोतीच्या पोती दाणे ओतणं वेगळं आणि मोजकी पाखरं घरच्यासारखी सांभाळणं वेगळं. आणि दुसरं, नायलॉन मांजा. राष्ट्रीय हरित लवादानं २०१७ साली त्यावर देशभर बंदी घातली, तरी संक्रांतीच्या आसपास पंख कापलेली पाखरं दरवर्षी बघावी लागतात. आमच्या सरावाचा हंगाम नेमका तोच. पालकांनो, पोरांच्या हातातली चक्री एकदा तपासा.

काजळी त्यानंतर शर्यतीला गेली नाही, ढाबळीतच नऊ वर्षं राहिली. त्या सोमवारच्या पिल्लाच्या वंशातली सात पाखरं आज माझ्याकडं आहेत. उद्या पहाटे त्यातली चार घेऊन कऱ्हाडला जायचंय, म्हणून आज संध्याकाळी दाणा जरा कमीच घालणार आहे. आभाळ तेवढं स्वच्छ राहू दे.

नमस्कार.