जळण्यासाठीच असलेलं तेल: आउटबोर्डचं टू-स्ट्रोक ऑइल कसं निवडावं

आउटबोर्ड म्हणजे बोटीच्या मागे टांगलेलं इंजिन. ते वापरणाऱ्यांमध्ये ऑइलचा विषय निघाला की गाडी दोन मिनिटांत ब्रँडवर येते. कुणाचं इंजिन अमुक डब्यावर वर्षानुवर्षं चाललंय, कुणाचं तमुक डब्याने बसलं. आज मी कुठल्याही ऑइलच्या ब्रँडचं नाव घेणार नाही. मला एकच गोष्ट तुमच्या गळी उतरवायची आहे. टू-स्ट्रोकचं ऑइल वंगण म्हणून कसं आहे हे तर बघायचंच, पण त्याआधी ते जळतं कसं आणि जळल्यावर मागे काय ठेवतं, हे बघायचं.

फोर-स्ट्रोकमध्ये ऑइल खाली सम्पमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळच्या भांड्यात, राहतं, पंप ते फिरवतो, फिल्टर गाळतो आणि ठरावीक तासांनी आपण ते बदलतो. टू-स्ट्रोकमध्ये यातलं काहीच नाही. पेट्रोल आणि ऑइल हवेबरोबर क्रँककेसमध्ये, म्हणजे पिस्टनखालच्या कप्प्यात, येतं. पेट्रोलची वाफ होते आणि ऑइल जड असल्यामुळे बेअरिंगवर, सिलिंडरच्या भिंतीवर बसतं. तिथलं काम झालं की ते वर दहनकक्षात जातं आणि जळतं. एकदा वापरलेला थेंब परत येत नाही. म्हणजे तुम्ही ओतलेलं बहुतेक सगळं ऑइल शेवटी पिस्टनच्या डोक्यावर जाणार.

आता स्कूटरच्या टू-टी, म्हणजे टू-स्ट्रोक, ऑइलकडे या, कारण निम्मे घोटाळे तिथेच होतात. ते ऑइल वाईट नसतं, त्याचं काम वेगळं असतं. हवेने थंड होणाऱ्या इंजिनात सिलिंडर फार तापतो. त्या तापमानाला राख न सोडणारी डिटर्जंट, म्हणजे इंजिन आतून साफ ठेवणारी रसायनं, टिकत नाहीत, म्हणून अशा ऑइलमध्ये कॅल्शियमसारख्या धातूची डिटर्जंट घालतात. ती गरम पिस्टन स्वच्छ ठेवतात, पण धातू जळून नाहीसा होत नाही, त्याची राख होते. हवेने थंड होणाऱ्या इंजिनांच्या ऑइलसाठी जपानी जासो मानक १९९४ मध्ये आलं. त्यातल्या एफबी आणि एफसी प्रतींना राखेची मर्यादा पाव टक्क्याची. पाव टक्का ऐकायला किरकोळ वाटतो. पण १०० लिटर पेट्रोलला पन्नासास एक या प्रमाणात २ लिटर ऑइल लागतं, आणि पाव टक्क्याने त्यातून चार-साडेचार ग्रॅम राख होते. बरीचशी एक्झॉस्टमधून निघून जाते. जी जात नाही, तिचीच काळजी.

आउटबोर्डला बाहेरचं पाणी थंड करतं. बऱ्याच मॉडेलांत थर्मोस्टॅट साधारण ५० ते ६० अंशांच्या आसपास उघडतो, म्हणजे सिलिंडरच्या भिंती स्कूटरपेक्षा कितीतरी थंड. मग काम सोपं असेल असं वाटतं, पण काम उलट जास्त कठीण. स्कूटर चढावर टॉप गिअरमध्ये जशी रेटावी लागते, तसं आउटबोर्ड सुटल्यापासून पोचेपर्यंत रेटलं जातं. पाण्यात उतार नाही. पाच-साडेपाच हजार आरपीएमवर तासन्‌तास पूर्ण थ्रॉटल, आणि मधेच जाळं किंवा गळ टाकताना बराच वेळ मंद आयडल, म्हणजे इंजिन नुसतं हळू चालू. आयडलला ऑइल नीट जळत नाही, साचतं. मग थ्रॉटल उघडला की साचलेलं भाजून निघतं.

या भाजलेल्या थरात राख असली की ती तापून लाल होते आणि प्लगच्या ठिणगीआधीच मिश्रण पेटवते. याला प्री-इग्निशन म्हणतात. पिस्टन वर येत असतानाच वरून स्फोट होतो. शुद्ध ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं, पिस्टनचा मिश्रधातू त्याहूनही आधी मऊ पडतो. असा पिस्टन बाहेर काढला की मधोमध भोक दिसतं, कडा वितळून खाली ओघळलेल्या आणि बाकीचा भाग जवळजवळ नवा. ऑइल कमी पडून जाम झालेल्या पिस्टनवर मात्र बाजूने उभे ओरखडे असतात आणि धातू सिलिंडरला पुसला गेलेला असतो. पिस्टन फेकण्याआधी नीट पाहा, काय बिघडलं ते तो सांगतो. प्लगही बघा. दोन इलेक्ट्रोडांमधल्या फटीत राखेची केसासारखी तार पूल बांधून बसलेली दिसली, तर चुकीचं ऑइल वापरलं जात असल्याची शंका आधी घ्या.

म्हणूनच आउटबोर्डसाठी वेगळं मानक आहे. डब्यावर टीसी-डब्ल्यू३ असं लिहिलेलं असतं. टू-सायकल, वॉटर-कूल्ड, असा त्याचा अर्थ. अमेरिकेतल्या नॅशनल मरीन मॅन्युफॅक्चरर्स असोसिएशनचं हे मानक, आधीच्या टीसी-डब्ल्यू आणि टीसी-डब्ल्यू टू या पायऱ्यांनंतर १९९०च्या दशकात आलेलं. या ऑइलमध्ये धातूची डिटर्जंट नसतात, राख जवळजवळ शून्य. चाचण्या प्रयोगशाळेपुरत्या नसतात, खरी आउटबोर्ड इंजिनं चालवून होतात. रिंग चिकटतात का, पिस्टनवर किती थर बसतो, प्री-इग्निशन होतं का, हे त्यात बघतात. शिवाय गंज लागतो का, आणि कडाक्याच्या थंडीत, शून्याखाली २५ अंशांना, ऑइल वाहतं आणि पेट्रोलमध्ये मिसळतं का, हेही. गंजाची चाचणी मला फार मोलाची वाटते. खाऱ्या हवेत आठवडाभर नुसतं उभं राहिलेलं इंजिन आतून क्रँकच्या बेअरिंगपाशी गंजतं, आणि ते आपल्याला दिसत नाही.

डबा घेताना आरएल या अक्षरांनी सुरू होणारा परवाना क्रमांक शोधा. मागच्या लेबलवर बारीक अक्षरात असतो. 'टीसी-डब्ल्यू३ च्या तोडीचं', 'आउटबोर्डलाही चालेल' अशी वाक्यं कुणीही छापू शकतो. रंगावर तर मुळीच जाऊ नका. निळा असो की हिरवा, तो ओळखीसाठी घातलेला रंग आहे.

हेच ऑइल चेनसॉमध्येही चालेल का, असं लोक विचारतात. नको. तिथे तापमान जास्त, राख न सोडणारी डिटर्जंट तिथे हात टेकतात, आणि रिंग खाचेत चिकटते. गाडीचं फोर-स्ट्रोक ऑइल टू-स्ट्रोकमध्ये घालायचा विषय इथेच संपवू. त्यात जस्त आणि कॅल्शियम दोन्ही, आणि जळण्यासाठी ते बनवलेलंच नाही.

आता प्रमाण. ओले एव्हिनरूडने १९०९ मध्ये आउटबोर्ड बाजारात आणलं. त्यानंतर कित्येक दशकं साधं मोटर ऑइल सढळ हाताने पेट्रोलमध्ये ओतलं जायचं. जुन्या इंजिनांत साधे ब्राँझचे बुश होते, आणि बुशला ऑइलचा जाड थर लागतो. पुढे सुईच्या रोलरची बेअरिंग आली, ऑइलही सुधारलं, आणि १९६०च्या दशकात पन्नासास एक हे प्रमाण रूढ झालं. म्हणजे लिटरला २० मिली. एखाद्याकडे आजोबांच्या काळातलं इंजिन असेल आणि आत बुश असतील, तर पन्नासास एक त्याला पुरणार नाही. तिथे चोवीसास एकच्या आसपास जावं लागतं, ऑइल कितीही भारी असलं तरी. नव्या इंजिनाला सुरुवातीच्या तासांत बरेच कारखाने पंचविसास एक सांगतात, लिटरला ४० मिली. तुमच्या मॅन्युअलमध्ये लिहिलंय तेच खरं, माझं नाही.

'थोडं जास्त टाकलेलं बरं' हा समज मात्र सगळीकडे आहे. ऑइल वाढवलं की तेवढ्याच आकारमानात पेट्रोल कमी होतं, कार्ब्युरेटरच्या जेटमधून जाणारं मिश्रण थोडं लीन होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं. फरक बारीक आहे, पण लीन मिश्रण गरम जळतं, आणि वर प्लग घाण होतात, धूर वाढतो. उलट शंभरास एकची हौसही नको. काही इंजिनं त्यासाठी बनवलेली आहेत, तुमचं आहे का ते आधी बघा.

मोजून ओता, झाकणाच्या अंदाजाने नको. आधी अर्धं पेट्रोल, मग सगळं ऑइल, टाकी हलवा, मग उरलेलं पेट्रोल. इथेनॉल असलेल्या पेट्रोलबाबत जास्त सावध राहा. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. १० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलमध्ये साधारण अर्धा टक्का पाणी झालं की थर वेगळे होतात, पाणी आणि इथेनॉल खाली बसतं. ऑइल मात्र वरच्या पेट्रोलबरोबर राहतं, आणि पाइपचं तोंड तळाशी असतं. इंजिन मग जवळजवळ ऑइलविना चालतं, आणि मालक म्हणतो, मी तर नीट मोजून टाकलं होतं. दोन-तीन महिने पडून असलेलं मिश्रण म्हणून वापरू नये.

ज्यांच्याकडे ऑइल इंजेक्शन आहे, म्हणजे वेगळ्या टाकीतलं ऑइल पंपाने इंजिनात जातं, त्यांचा ऑइल पंप आरपीएम आणि थ्रॉटलप्रमाणे प्रमाण बदलतो, आयडलला कमी आणि पूर्ण थ्रॉटलला जास्त. तिथे ऑइल वाहतं असणं महत्त्वाचं. वेगळ्या जातीची ऑइलं ऑइलच्या टाकीत एकत्र केली तर गोठून जाळी बुजू शकते. टीसी-डब्ल्यू३चे दोन डबे मिसळणं त्या मानाने निर्धोक, पण त्यात स्कूटरचं कधीच नाही.

सिंथेटिक घ्यावं का? धूर कमी होतो, कार्बन कमी बसतो, पैसे जास्त जातात. मंद ट्रोलिंग, म्हणजे गळ मागे ओढत हळू बोट चालवणं, पुष्कळ करत असाल तर फायदा दिसतो. तळ्यात बोट चालवत असाल, तर पाण्यात विघटन होणारी ऑइलं शोधा. जुन्या धाटणीचं टू-स्ट्रोक पाव हिश्श्याच्या आसपास इंधन न जाळताच बाहेर टाकतं, त्यात ऑइलही गेलंच. सीईसी एल-३३ नावाची २१ दिवसांची विघटनाची चाचणी मुळात आउटबोर्डच्या ऑइलसाठीच तयार झाली.

मघाशी समोरून चिठ्ठी आली: 'पाण्यात असताना ऑइल संपलं, हाताशी फक्त स्कूटरचं टू-टी आहे. टाकू का?' टाका. ऑइलविना सुईच्या बेअरिंगचं काम काही मिनिटांत तमाम होतं, एका टाकीच्या राखेने मात्र इंजिन मरत नाही. पन्नासास एकने पेट्रोलमध्ये मिसळा, इंजेक्शनच्या ऑइल टाकीत ओतू नका, आणि अर्ध्या थ्रॉटलवर परत या. किनाऱ्यावर आल्यावर उरलेलं मिश्रण काढा आणि प्लग उघडून बघा.